घरच्या सिम्युलेटरसाठी योक : कोणता घ्यावा, आणि घेतलेला त्रास देत असेल तर?

धावपट्टी_२७ :
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ उडवतोय. हातात साधी जॉयस्टिक, मनगट पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची पट्टी) द्यायची. सर्किट (उडून, धावपट्टीभोवती फेरी मारून परत उतरणं) आता बऱ्यापैकी जमतात, पण उतरताना प्रत्येक वेळी वाटतं की हात एक सांगतोय आणि विमान दुसरंच ऐकतंय. म्हणून योक (खऱ्या विमानात असतं तसं, फिरवायचं आणि पुढे-मागे करायचं हँडल) घ्यायचं ठरवलंय. वाचायला बसलो तर नावं आणि आकडे इतके, की डोकं गरगरायला लागलं. तो किती अंश फिरायला हवा? सेन्सरने खरंच फरक पडतो का? थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायची दांडी) त्याच्यासोबतच घ्यावं की वेगळं? टेबल अभ्यासाचं आहे, ६० सेंमी खोल. ज्यांनी वापरलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

सुकाणू :
सगळ्यात आधी हे सांगा, पुढेही १७२च उडवणार ना? कारण योक हा सगळ्याच विमानांना नसतो. एअरबस ए३२० ला साइडस्टिक आहे, डायमंड डीए४० ला गुडघ्यांमध्ये उभी स्टिक. मुख्यतः तीच उडवायची असतील तर आहे ती जॉयस्टिकच बरी. सेसना, बोइंग ७३७, एटीआर या मंडळींना मात्र योकच शोभतो.

आता मुद्द्याचं. योक बघताना बहुतेकजण बटणं मोजतात. मी मध्य बघतो. उतरतानाची शेवटची तीस सेकंदं डोळ्यांसमोर आणा. वेग ६५ नॉट, विमान मिनिटाला साधारण साडेतीनशे फूट खाली येतंय, आणि त्या सगळ्या वेळात तुमचा हात मध्याच्या आजूबाजूला जेमतेम एकदोन सेंटिमीटर हलतो. पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण मागे योक क्वचितच जातो. काही योकांना नेमक्या मध्यावर खाचा असतो, स्प्रिंग तिथे खट्‌कन बसते. त्या खाच्यातून बाहेर पडायला जोर लावावा लागतो, आणि बाहेर पडला की तोच जोर जास्त होतो. नाक उचलायचं असतं दोन अंश, उचललं जातं पाच. मग परत खाली. बघणाऱ्याला वाटतं वैमानिक घाबरला आहे. तो घाबरलेला नसतो, तो खाच्याशी झुंजत असतो.

म्हणून दुकानात किंवा मित्राकडे योक हातात मिळाला तर एवढं करा. दोनच बोटांनी धरा आणि डावीकडून उजवीकडे इतका हळू न्या की मध्य ओलांडायला पाच सेकंद लागतील. कुठे अडकला, कुठे सुटला, ते बोटांना लगेच कळतं. तसंच आत-बाहेर करून बघा. आत-बाहेर करताना एका हाताने, फक्त डाव्या मुठीवर जोर द्या. दांडा हलक्या प्रतीच्या बुशमध्ये (तो ज्यात सरकतो त्या नळीत) बसवलेला असेल तर तो तिरका होऊन घासतो. उडताना उजवा हात थ्रॉटलवर आणि डावाच योकवर असतो, त्यामुळे ही परीक्षा दोन्ही हातांनी घेतली तर फसायला होतं.

अंशांबद्दल : लॉजिटेकचा (पूर्वीचा सायटेक) योक दोन्ही बाजूंना ४५-४५ अंश फिरतो, हनीकोम्बचा अल्फा ९०-९०. जास्त फिरणाऱ्यात तेवढ्याच वळणासाठी हाताला दुप्पट अंतर मिळतं, म्हणून बारीक काम सोपं जातं. थ्रस्टमास्टरचा टीसीए बोइंग योक वेगळ्याच तऱ्हेने बांधलाय. त्यात रूळ नाहीत, दांडा लोलकासारखा टांगलेला आहे, आणि मागे-पुढे सुमारे २१ सेंमी सरकतो. ज्याला बोइंग उडवायचंय त्याला तो भावेल, पण तुमच्या ६० सेंमी टेबलावर आधी मोजपट्टी धरा.

मध्यबिंदू :
सुकाणूंच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. सेन्सरबद्दल थोडी भर घालतो.

पोटेन्शिओमीटर, म्हणजे आपण ज्याला पॉट म्हणतो, त्यात कार्बनच्या पट्टीवर एक बारीक पाय घासत फिरतो. घासणं आलं म्हणजे झीज आली. हॉल सेन्सरमध्ये चुंबक फिरतो आणि समोरची चिप त्याचं क्षेत्र मोजते, मध्ये स्पर्शच नाही. (हा परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला, बल्बसुद्धा तेव्हा नुकता कुठे घडत होता.) त्यामुळे तेवढाच पैसा लागत असेल तर हॉलवाला घ्या. पण पॉट म्हणजे वाईट असं समजू नका. चांगला पॉट वर्षानुवर्षं साथ देतो आणि बिघडला तर घरी बदलता येतो.

दुसरी गोष्ट, जी खोक्यावर क्वचित लिहिलेली असते : अक्षाचे (फिरवणं किंवा पुढे-मागे करणं, अशा एकेका हालचालीचे) किती भाग पाडले जातात. ८ बिटचा अक्ष २५६ भाग देतो. १८० अंश फिरणाऱ्या योकवर एक भाग पडला सुमारे ०.७ अंशाचा. १० बिटला १०२४ भाग, १२ बिटला ४०९६. ०.७ अंशाची पायरी हाताला जाणवत नाही, पण फायनलवर (धावपट्टीसमोरून शेवटचं खाली येताना) नाक पायऱ्यापायऱ्यांनी हलताना डोळ्यांना दिसते.

पाचर :
टेबलाचं मी सांगतो, कारण या एका गोष्टीमुळे माझं वर्ष वाया गेलं. योक टेबलावर बसवला की मूठ छातीच्या उंचीवर येते. खांदे वर उचलले जातात, तासाभरात मान आखडते, आणि थकलेला हात जड चालतो. सेसनात मूठ साधारण मांडीच्या थोडी वर, कोपर काटकोनात आणि शरीराजवळ, अशी बसते. मी शेवटी टेबलाच्या कडेला खाली सरकणारा कीबोर्डचा ट्रे होता तो काढला, त्याच उंचीवर जाड प्लायवूडची फळी घट्ट बसवली आणि योक तिच्यावर क्लॅम्प केला. त्या दिवशी पहिल्यांदा हात सैल पडला.

क्लॅम्प लावताना टेबलाची जाडी आणि खालची आडवी पट्टी बघून घ्या. आणि क्लॅम्प आवळल्यावर योक जोरात मागे ओढून बघा. योकचं खोकं एक मिलिमीटर जरी उचललं गेलं तरी ते डोकं खाईल.

किनारा :
मी एक्सबॉक्सवर उडवतो. माझ्यासाठी कोणता?

मध्यबिंदू :
एक्सबॉक्सवर साधा यूएसबी योक ओळखला जात नाही, त्या यंत्रासाठी मान्यता घेतलेलाच लागतो. थ्रस्टमास्टरचा बोइंग योक चालतो, टर्टल बीचचा व्हेलॉसिटीवन फ्लाइट चालतो. त्या दुसऱ्यासोबत थ्रॉटलही येतं. खोक्यावर एक्सबॉक्सचं नाव छापलेलं बघितल्याशिवाय घेऊ नका.

सुकाणू :
धावपट्टी_२७, थ्रॉटलचं राहिलंच. सोबत येत असेल तर घ्या, पण त्यासाठी योकच्या मध्याशी तडजोड करू नका. १७२ ला थ्रॉटल आणि मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण) या दोन दांड्या पुरतात. आणि तुमच्याकडे पायाने रडर द्यायचे पेडल नाहीत, हे विसरू नका. जॉयस्टिक गेली की मनगटाचा रडरही गेला.

धावपट्टी_२७ :
सगळ्यांचे मनापासून आभार. महिन्याभराने परत येतोय. एका ओळखीच्यांकडचा वापरलेला योक घेतला, पॉटवाला, १८० अंश फिरणारा. सोबत पेडलही मिळाले. मध्य दोन बोटांनी तपासला, खाचा नाही. पहिले आठ दिवस आनंदात गेले.

पण आता तीन गोष्टी होतायत. एक, टेक-ऑफनंतर विमान सतत डावीकडे जातं. दोन, फायनलवर असताना नाक अचानक झटका देऊन खाली जातं आणि परत येतं, हात अगदी स्थिर असताना. तीन, लांबच्या उड्डाणात अर्ध्यापाऊण तासाने योक मरतो, तार काढून घातली की जिवंत होतो. सेन्सिटिव्हिटी (हाताला विमान किती प्रतिसाद देईल ती वक्ररेषा) उणे ४० केली, डेड झोन (मध्याजवळचा, सिम ज्याकडे दुर्लक्ष करतं तो भाग) १५ टक्के केला. झटके कमी झाले, पण आता उतरताना योक मध्याजवळ काही ऐकतच नाही. काल रात्री सलग अकरा वेळा उतरवायला गेलो, एकदाही धड उतरलं नाही. खरं सांगायचं तर फार निराश झालोय.

सुकाणू :
निराश होऊ नका, तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्ही सुटतील. पण आधी सेन्सिटिव्हिटी शून्यावर आणा आणि डेड झोनही शून्य करा. आत्ता तुम्ही जे केलंय ते साप म्हणून भुई धोपटणं आहे. डेड झोनने झटका जात नाही, फक्त मध्यावरचा झटका झाकला जातो, आणि ज्या मध्यासाठी तुम्ही एवढा योक घेतलात तो मध्यच बंद पडतो.

सिम बंद ठेवा. विंडोजमध्ये विन आणि आर दाबून जॉय डॉट सीपीएल उघडा, योक निवडून गुणधर्मांमध्ये जा. तिथे चौकोनात एक छोटं अधिक चिन्ह दिसेल. योकला हात न लावता दोन मिनिटं त्या चिन्हाकडे बघत बसा. मग दोन बोटांनी अगदी हळू फिरवा आणि चिन्ह उडी मारतंय का ते बघा. लिनक्सवाल्यांनी हेच जेएसटेस्टमध्ये करावं, तिथे आकडेच दिसतात, ते तर आणखी चांगलं. जे दिसेल ते जसंच्या तसं इथे लिहा.

या खिडकीत चिन्ह नाचत असेल तर दोष यंत्रात, तारेत किंवा पोर्टमध्ये. इथे स्थिर आणि सिममध्येच नाचत असेल तर दोष सिमच्या मांडणीत. हे न बघता वक्ररेषा ओढत बसणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मध्यबिंदू :
डावीकडे जाण्याचं मात्र योक उघडण्याआधी माझ्याकडून ऐका. हा बिघाडच नसेल कदाचित. १७२ चा पंखा वैमानिकाच्या जागेवरून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. पूर्ण ताकदीवर, कमी वेगात, नाक वर असताना विमान डावीकडे ओढलं जातं. इंजिनाचा पीळ, पंख्यामागची गोल फिरत येणारी हवा शेपटीवर आदळणं, आणि खाली येणाऱ्या पात्याने वर जाणाऱ्यापेक्षा जास्त ओढणं, हे सगळं मिळून. खऱ्या विमानातही उजवा पाय द्यावाच लागतो. जॉयस्टिकच्या काळात तुमच्या सिममध्ये मदतीचे पर्याय चालू असतील, त्यात रडर आपोआप दिला जातो. पेडल आल्यावर ते बंद केले असतील तर आत्ता पहिल्यांदा खरं विमान दिसतंय तुम्हाला.

ताडून बघायला वारा शून्य करा, इंधन दोन्ही टाक्यांत सारखं ठेवा, आणि सरळ पातळीवर क्रूझला ट्रिम करून (योक धरून न ठेवता नाक जागी राहील असं लावून) हात-पाय सोडा. तिथेही विमान ठामपणे एका बाजूला कलत राहिलं, तर मग योककडे वळू.

धावपट्टी_२७ :
केलं. क्रूझला जवळपास सरळ जातंय! आणि हो, रडरची मदत मीच बंद केली होती पेडल लावताना. म्हणजे पहिली तक्रार माझ्या उजव्या पायाची निघाली. छातीवरचा एक दगड उतरला.

जॉय डॉट सीपीएलमध्ये : हात न लावता चिन्ह स्थिर. डावी-उजवी फिरवताना गुळगुळीत. पुढे-मागे करताना मात्र मध्याच्या किंचित पुढे एक जागा आहे, तिथे चिन्ह क्षणभर पार वरच्या कडेला जाऊन येतं. दर वेळी त्याच जागी.

सुकाणू :
"दर वेळी त्याच जागी" या चार शब्दांत उत्तर आलं. तार किंवा पोर्ट खराब असतं तर उडी कुठेही दिसली असती. एकाच जागी येते म्हणजे पॉटच्या पट्टीवर त्या जागी घाण आहे किंवा झीज. आणि ती मध्याजवळच का, तर आधीच्या मालकाचाही हात सगळ्यात जास्त तिथेच हलला.

उघडायची तयारी आहे का? तार काढा. खालचे स्क्रू काढताना कोणता कुठला, हे कागदावर चिकटवून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. स्प्रिंग ताणलेली असते, तिच्याकडे तोंड नेऊ नका. प्रत्येक पायरीला फोटो काढा. पॉटच्या अंगावरच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारा आणि दांडी टोकापासून टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवा. दाराच्या बिजागरीला मारतात तो तेलकट स्प्रे अजिबात नको, त्याने पट्टीवर थर बसतो आणि धूळ धरते. बंद करण्याआधी दांड्याच्या रुळांवरची जुनी काळी झालेली चिकटी पुसून प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावा.

पाचर :
योक मरतो त्याचं : विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब, त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण काढा. जितके हब तितक्या वेळा. पॉवर प्लॅनमध्येही यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. आणि योक, पेडल, हेडसेट सगळं एकाच बिनवीजेच्या हबवर लटकवलं असेल तर योक तेवढा थेट संगणकाच्या मागच्या पोर्टात घाला.

उंबरठा :
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या योकवर लाइटचे आणि बॅटरीचे स्विच आहेत. सिम सुरू केलं की स्विच वर आणि लाइट बंद, असं उलटंच असतं. खराब आहे का?

मध्यबिंदू :
नाही हो. तो स्विच म्हणजे दाबून धरलेलं बटण. सिमला बटण बदलल्याचं कळतं, आधीपासून दाबलेलं होतं हे बऱ्याचदा कळत नाही. एकदा खाली-वर करा, जुळेल. आणि नेमणूक करताना "टॉगल" (दर वेळी आहे त्याच्या उलट करणारी आज्ञा) निवडू नका. दाबल्यावर "चालू" आणि सोडल्यावर "बंद" अशा दोन वेगळ्या आज्ञा द्या, मग कधीच उलटं होणार नाही. चावीच्या स्विचलाही हेच, प्रत्येक स्थान हे वेगळं बटण असतं.

धावपट्टी_२७ :
काल रात्री उघडला. हात थरथरत होते, हे कबूल करतो. पॉट बाहेर काढून फटीतून टॉर्च मारला तर कार्बनच्या पट्टीवर केसाएवढी फिकट रेघ दिसली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक काळी भुकटी साचलेली, पेन्सिलला टोक करताना पडते तशी. क्लीनर मारून फिरवला तर कापसावर काळं आलं. परत जोडून बघितलं, उडी गेली! पाचर यांनी सांगितलेल्या खुणाही काढल्या. दोन तास उडवलं, योक एकदाही मेला नाही.

पण सिममध्ये अजूनही अधूनमधून नाक हलकंसं डुलतं. जॉय डॉट सीपीएलमध्ये काहीच दिसत नाही.

सुकाणू :
मग आता सिमची पाळी. नियंत्रणांच्या यादीत एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणारा) अक्ष शोधा आणि तो आणखी कोणत्या यंत्राला दिलाय ते बघा. सिम नवं यंत्र दिसलं की स्वतःहून काही ना काही नेमून टाकतं. पेडल, जुनी जॉयस्टिक, गेमपॅड, प्रत्येकाचं पान उघडा. दोन यंत्रं एकाच अक्षाला बोलायला लागली की विमान दोघांचंही ऐकतं.

धावपट्टी_२७ :
सापडलं!! गेमपॅड टेबलाखालच्या खणात पडला होता, तार अजून संगणकातच. त्याच्या डाव्या काडीला एलिव्हेटर दिलेला. खणातलं सामान मी गुडघ्याने ढकललं की काडी हलत होती. गेमपॅड काढला, पेडलच्या पानावरचंही नको ते सगळं पुसलं.

मध्यबिंदू :
उत्तम. आता एक ध्यानात ठेवा, ती फिकट रेघ म्हणजे कार्बन खरवडला गेलाय. साफ केल्याने काही आठवडे, काही महिने निघतील, पुढे उडी परत येईल. नवा पॉट आणून ठेवा. जुन्यावर जेवढे ओहम छापलेत तेवढेच, दांडीची लांबी तीच, आणि मुख्य म्हणजे लिनिअर (फिरवाल त्याच प्रमाणात बदलणारा). आवाजाच्या बटणाला वापरतात तो लॉगरिदमिक पॉट चुकून आणलात तर मध्य एका बाजूला सरकेल. बदलल्यावर कॅलिब्रेशन (योकची टोकं आणि मध्य संगणकाला दाखवणं) आधी मूळ स्थितीत आणा, मग नव्याने करा. काही योक तार जोडताक्षणी स्वतःचा मध्य ठरवतात, त्यामुळे जोडताना त्यांना हात लावायचा नाही.

सुकाणू :
आणि आता ट्रिम शिका. खऱ्या १७२ मध्ये योक जिथे धरलाय तिथेच ठेवायचा आणि हातावरचा दाब जाईपर्यंत चाक फिरवायचं. आपल्या योकची स्प्रिंग मात्र नेहमी मध्याकडेच ओढते, विमानाच्या दाबाचा तिला पत्ता नाही. म्हणून आपल्याला जरा वेगळं करावं लागतं. नाक हवं तिथे आणून धरा, मग ट्रिम थोडा थोडा देत, तेवढाच योक सोडत मध्याकडे या. नाक जागचं हलता कामा नये. योक मध्यावर आला आणि नाक तिथेच राहिलं की ट्रिम झाला. फायनलवर ६५ नॉटला असं ट्रिम केलंत तर फ्लेअरच्या (टेकण्याआधी नाक हळूच उचलायच्या) वेळी योक मध्यावर असेल, पूर्ण प्रवास तुमच्या हातात असेल. जे सतत अर्धा योक मागे ओढून उतरतात त्यांना शेवटी ओढायला काही उरतच नाही.

सेन्सिटिव्हिटी शून्यच राहू द्या. १८० अंशांच्या योकला वक्ररेषा लागत नाही. ४५-४५ अंशांचा असेल तर उणे २०पर्यंत ठीक.

किनारा :
धागा फार कामाचा झालाय. वाचनखूण साठवली.

धावपट्टी_२७ :
आज सकाळी सुकाणू म्हणाले तसं ट्रिम करून आलो. पाच सर्किट केली. पहिल्या दोनदा ट्रिम जास्त झाला, नाक वर गेलं, पुन्हा फेरी घेतली. तिसऱ्यांदा धावपट्टीवर आल्यावर थ्रॉटल बंद केलं आणि योक फक्त दोन बोटांनी मागे आणत गेलो. स्टॉल वॉर्निंगची (पंखांची उचल संपत आल्याच्या इशाऱ्याची) शिट्टी वाजायला लागली, मग मागची चाकं टेकली, आणि नाक मी धरून ठेवू शकलो. दोन वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. चौथं आणि पाचवं तसंच.

एक शंका : ट्रिम सध्या मुठीवरच्या बटणावर आहे, एकदा दाबलं की नाक जरा जास्तच हलतं. वेगळं चाक घ्यावं का?

पाचर :
घ्या. रोटरी एन्कोडरवालं, टोकाला न अडणारं. योकच्या उजवीकडे खाली बसवा, थ्रॉटलवरचा हात सहज पोचेल असं. फळीचा फोटो उद्या टाकतो, माप त्याच्यावरच लिहिलेलं आहे.